डीसी मोटरचा स्पीड कमी-जास्त करायचाय? कंट्रोलर घेण्याआधी हे वाचा

बरेच ग्राहक पहिला प्रश्न हाच विचारतात, की मोटर स्लो करायला नुसता एक रेझिस्टन्स टाकला तर चालणार नाही का, कंट्रोलरचा खर्च कशाला. छोट्या पंख्याला कामचलाऊ चालतंही, पण लोड बदलत असेल तर अजिबात नाही, आणि का ते एकदा आकड्यांत बघाच.

समजा 12 व्होल्टची मोटर आहे, वाइंडिंगचा (आतल्या तारेच्या गुंडाळीचा) रेझिस्टन्स 1 ओहम, चालताना 1 अँपिअर घेते. म्हणजे 1 व्होल्ट वाइंडिंगमध्ये गेला, उरलेले 11 व्होल्ट हा बॅक ईएमएफ, म्हणजे मोटर फिरताना स्वतःच उलट दिशेने तयार करते तो व्होल्टेज, आणि स्पीड त्याच्याच प्रमाणात असतो. आता सिरीजमध्ये 5 ओहम टाका. लोड तोच म्हणून करंटही 1 अँपिअरच, म्हणजे 5 व्होल्ट तिथे गेले, मोटरला 7 मिळाले, बॅक ईएमएफ 6, स्पीड जवळपास निम्मा, वाटतं झालं काम. पण लोड दुप्पट झाला की मोटर 2 अँपिअर मागते, 10 व्होल्ट रेझिस्टन्सच खातो, उरलेले 2 वाइंडिंगमध्ये संपतात आणि मोटर जागच्या जागी उभी! वर रेझिस्टन्स 20 वॅटने तापतोय ते वेगळंच. तेच सरळ 7 व्होल्ट दिले असते तर बॅक ईएमएफ 6 वरून 5 वर आला असता, स्पीड थोडासा पडला असता, बस.

आमचे कंट्रोलर नेमकं हेच करतात, पीडब्ल्यूएमने. मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, निम्मा वेळ चालू ठेवला की मोटरला सरासरी 6 व्होल्ट. तो एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद, त्यामुळे वीज फारशी फुकट जात नाही. बंद झाला तरी वाइंडिंगमधला करंट लगेच थांबत नाही, त्याला वाट द्यायला फ्रीव्हील डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट) लागतो, आणि स्वतः सर्किट बनवताना नेमका तोच राहून जातो, मग मॉस्फेट उडतो. मोटरमधून बारीक शिट्टी येत असेल तर घाबरू नका, तो फ्रिक्वेन्सीचा आवाज आहे, 20 किलोहर्ट्झच्या वर गेलं की ऐकू येत नाही.

कंट्रोलर किती अँपिअरचा घ्यायचा हे मात्र नीट बघा, कारण जळून येणारे बहुतेक इथेच फसलेले असतात. चालताना 1 अँपिअर घेणारी वरचीच मोटर जाम झाली की बॅक ईएमएफ शून्य, म्हणजे 12 अँपिअर. स्टार्ट होतानाही क्षणभर तेवढेच. मल्टिमीटरने मोटरच्या दोन टर्मिनलमधला रेझिस्टन्स मोजा, शाफ्ट हाताने थोडा थोडा फिरवत चार-पाच वेळा, कारण ब्रशच्या (फिरत्या भागाला टेकून करंट देणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांच्या) जागेप्रमाणे आकडा बदलतो, सगळ्यात कमी येईल तो धरा, त्यातून मीटरच्या वायरचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करा आणि व्होल्टेजला त्याने भागा. तेवढं झेपेल असाच कंट्रोलर घ्या, फ्यूज लावाच.

फॉरवर्ड-रिव्हर्स हवं असेल तर एच-ब्रिजवाला, म्हणजे मोटरचे प्लस-मायनस उलटवू शकणारा, लागतो, पण फुल स्पीडमध्ये असताना दिशा उलटवू नका हो, तेव्हा 12 आणि 11 मिळून 23 व्होल्ट वाइंडिंगवर येतात, आधी थांबू द्या. लोड बदलला तरी स्पीड अगदी तोच हवा असेल तर एन्कोडरवालं, म्हणजे स्पीड मोजणाऱ्या सेन्सरचं, मॉडेल घ्या. सतत फारच हळू चालवायची असेल तर गिअरवाली मोटरच बरी, नाहीतर आतला फॅन हवा देत नाही आणि मोटर तापते.

हे सगळं ब्रशवाल्या मोटरसाठी आहे. मोटरमधून तीन जाड वायर येत असतील तर ती बहुधा ब्रशलेस, तिला हा कंट्रोलर जोडू नका, आधी फोटो पाठवून आम्हाला विचारा.