राधाच्या घरापर्यंत

तीन-चार वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही. कोणीतरी मांडीवर घेऊन वाचायचं आणि त्याने चित्रांकडे बघायचं, एवढंच त्याचं वाचन. अशा मुलासाठी खास पुस्तक करावं, हा विचार मराठीत बराच उशिरा रुजला.

पुस्तकं नव्हती असं मात्र नाही. १८०६ मध्ये तंजावरला सरफोजीराजांच्या आश्रयाने इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक छापलं गेलं. मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये ‘बाळमित्र’ आणला. बेर्कां या फ्रेंच लेखकाच्या मुलांसाठीच्या गोष्टी इंग्रजीच्या वाटेने त्यात आल्या. म्हणजे आईबाप, भावंडं, घर हे विषय मराठी छापील पानावर आले ते आधी परक्या कुटुंबांच्या रूपाने. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांनी ‘बालबोध’ मासिक सुरू केलं आणि अनेक वर्षं निष्ठेने चालवलं. चरित्र, कविता, निबंध, शास्त्रीय माहिती असा त्याचा भरगच्च ऐवज होता, पण तो शाळेत जाणाऱ्या, वाचायला शिकलेल्या मुलासाठी. त्याहून लहान मूल आजीच्या ताब्यात होतं. चिमणीचं मेणाचं घर आणि कावळ्याचं शेणाचं घर, एवढ्या सामग्रीवर पाऊस, शेजार आणि कुटुंब असं सगळं सांगणारी ती गोष्ट पिढ्यान् पिढ्या कागदाशिवायच चालली.

त्या वयाच्या मुलाकडे शिकणारा जीव म्हणून पाहायला इथे शिकवलं ते ताराबाई मोडक यांनी. गुजरातेत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करताना त्या माँटेसरी पद्धतीत, म्हणजे साधनं हाताळत मुलाने स्वतः शिकण्याच्या पद्धतीत, मुरल्या होत्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पण ही पद्धत शहरातल्या बऱ्या घरांपुरती राहते, त्यातली लाकडी साधनं गरिबाला परवडत नाहीत, हे त्यांना बोचत होतं. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. आजच्या पालघर जिल्ह्यातलं हे समुद्रकाठचं गाव. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि शेवटपर्यंत सोबत राहिल्या.

बालवाडी उघडली तरी वस्तीतली मुलं तिथवर येईनात. मग बाईच वस्तीत जाऊन कोणाच्या तरी अंगणात बसू लागल्या. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातून आला. शिंपले, खडे, बिया, पानं, फुलं हीच साधनं झाली. मोजणं, लहानमोठं लावणं, रंग ओळखणं सगळं त्यांवर. १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर वारली पाड्यांजवळ गेलं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे कळल्यावर शाळाच कुरणात नेली. तिला ‘कुरणशाळा’ म्हणत. छापील पुस्तकाचं स्थान इथे दुय्यम होतं, तरी पुढे मुलांसाठी ज्यांनी लिहिलं-काढलं त्यांना धडा इथूनच मिळाला, असं मला ठामपणे वाटतं: मुलाच्या हाताला जे लागतं, तिथून सुरुवात. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळालं.

पुस्तकांची अडचण पैशाचीही होती. लहान मुलाचं पुस्तक म्हणजे चित्रं, चित्रं म्हणजे चाररंगी छपाई, आणि हजार-दोन हजार प्रतींत तिचा खर्च निघत नाही. त्यावर एक उपाय असा, की चित्रं सगळ्या भाषांसाठी एकदम छापायची आणि मजकुराची काळी प्लेट (काळ्या शाईचा छपाईचा साचा) तेवढी बदलायची. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयाची पुस्तकं अशी अनेक भाषांत एकाच चित्रांनिशी निघाली. स्वस्त आणि सुंदर म्हणून मॉस्कोहून मराठीत आलेली पुस्तकंही घरोघरी पोचली. ती फार मोलाची होती. पण त्यांत अस्वल होतं, बर्फ होता, बर्चची झाडं होती; शेवगा नव्हता, तुळशीवृंदावन नव्हतं. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला आणि तो ओघही आटला.

माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांचं महत्त्व या पार्श्वभूमीवर कळतं. लिहिणारा आणि चित्र काढणारा हात एकच असल्याने शब्द जे सांगत नाहीत ते चित्र सांगतं: खुंटीवरची पिशवी, ओट्यावरचा पसारा, मोठ्यांच्या चेहऱ्यावरचा थकवा. २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या ‘राधाचं घर’ या छोट्या पुस्तकांच्या संचात राधा आपल्या घरातल्या एकेका माणसाची ओळख करून देते. कोणी शहाणपण शिकवत नाही, कोणाला शिक्षा होत नाही. नावही पाहा. पाठ्यपुस्तकाने ‘राधाचे घर’ छापलं असतं. इथे ‘राधाचं’ आहे, आई वाचताना जसं म्हणेल तसंच.