डीएनए जुळणे आणि ओळख पटणे

दुसऱ्या महायुद्धात बेपत्ता झालेल्या एखाद्या वैमानिकाचे अवशेष मायदेशी पोहोचले की मराठीत बातमी ठरलेल्या साच्यात येते: ‘ऐंशी वर्षांनी डीएनए चाचणीने ओळख पटली, पुतण्याचा नमुना जुळला.’ या एका वाक्यात बहुतेक वेळा दोन चुका असतात, आणि त्या इतक्यांदा छापून आल्या आहेत की आता त्याच खऱ्या वाटू लागल्या आहेत. डीएनए जुळणे आणि ओळख पटणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे विसरले जाते ही पहिली चूक. दुसरी ‘पुतण्या’ या शब्दात आहे, आणि पहिली समजून घ्यायची तर आधी दुसरीच सोडवावी लागते.

पितृत्व ठरवण्यासाठी किंवा गुन्ह्याच्या तपासात होणारी डीएनए चाचणी सर्वांच्या परिचयाची आहे. ती पेशीच्या केंद्रकातील डीएनएवर चालते. तो निम्मा आईकडून आणि निम्मा वडिलांकडून येतो, आणि एकसारखी जुळी भावंडे सोडली तर तो ज्याचा त्याचा असतो. डोंगरावर आदळून पेटलेल्या विमानातील, नंतर सात-आठ दशके पावसात आणि आम्लधर्मी मातीत पडून राहिलेल्या हाडाच्या तुकड्यात मात्र हा डीएनए अनेकदा वापरण्याजोगा उरत नाही, कारण मुळात पेशीत त्याच्या दोनच प्रती असतात. पेशीतील मायटोकॉन्ड्रिया या घटकांचा स्वतःचा वेगळा, रासायनिक घटकांच्या १६,५६९ जोड्यांचा वर्तुळाकार डीएनए असतो आणि त्याच्या प्रती प्रत्येक पेशीत शेकड्यांनी, कधी हजारांनी असतात. त्यामुळे बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यातही तो हाती लागू शकतो, आणि जुन्या विमान अपघातांच्या तपासात वर्षानुवर्षे त्याच्यावरच भिस्त राहिली आहे.

हा डीएनए फक्त आईकडून येतो. सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. वैमानिकाच्या मुलाच्या अंगात त्या मुलाच्या आईचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए असतो, वडिलांचा नसतो. वडिलांची वाट पाहता पाहता म्हातारा झालेला मुलगा नमुना द्यायला पुढे येतो, तेव्हा या चाचणीपुरते त्याला सांगावे लागते की तुमचा नमुना चालणार नाही, तुमच्या आत्याचा किंवा आत्याच्या मुलांचा हवा. इंग्रजीतील ‘नेफ्यू’ आणि ‘कझिन’ हे शब्द या बाबतीत मुके आहेत. आपली नाती मात्र सगळे स्पष्ट सांगतात. वैमानिकाचा भाचा चालतो, पुतण्या चालत नाही. मावसभाऊ चालतो, मामेभाऊ, आतेभाऊ आणि चुलतभाऊ चालत नाहीत. मामा स्वतः चालतो, कारण तो आणि वैमानिकाची आई एकाच आईची लेकरे. मामाची मुले चालत नाहीत, कारण त्यांच्यात मामीचा डीएनए आलेला असतो. भाचीची मुले चालतात, भाच्याची नाहीत. वैमानिकापासून त्याच्या आईमार्फत नमुना देणाऱ्यापर्यंत नात्याची वाट आखावी. दोन टोके सोडून मध्ये कुठेही पुरुष आला की धागा तुटला. पुतण्या आणि चुलतभाऊ यांचा उपयोग बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राच्या तुलनेसाठी होतो, परंतु ते गुणसूत्र केंद्रकातच असल्यामुळे जुन्या हाडातून मिळेलच असे नसते. म्हणून ‘नेफ्यू’चा सरसकट ‘पुतण्या’ करणे ही मला भाषांतरातील किरकोळ चूक वाटत नाही. त्या एका शब्दाने विज्ञान उलटे होते, आणि नमुना देऊ शकणारे नेमके नातेवाईक आपला उपयोग नाही असे समजून घरी बसतात.

मामा, मावशी, भाचा, भाचीची मुले या सर्वांत या डीएनएतील घटकांचा एकच क्रम असेल, तर तो क्रम एका माणसाचा नाही, आईकडच्या सगळ्या गोताचा आहे, हे उघड आहे. किंबहुना गोताबाहेरही तो सापडतो. पूर्वीपासून तपासल्या जाणाऱ्या दोन बदलत्या भागांपुरते पाहिले, तर युरोपीय वंशाच्या लोकांतील सर्वांत सामान्य क्रम सुमारे ७ टक्के लोकांत आढळतो. तेव्हा ‘जुळला’ याचा प्रामाणिक अर्थ एवढाच की हे हाड या माणसाचे असू शकते, त्याला यादीतून वगळता येत नाही. न जुळण्याचा निष्कर्ष त्याहून कितीतरी पक्का असतो, आणि या चाचणीची खरी ताकद तिथेच आहे: ती माणसे वगळते.

वगळायचे तर यादी बंदिस्त हवी. ती विमानामुळे मिळते. अमेरिकी हवाई दलाने १९४३ पासून प्रत्येक बेपत्ता विमानाचा अहवाल ठेवायला सुरुवात केली आणि त्यात माणसांच्या नावांबरोबर इंजिनांचे आणि मशीनगनचे क्रमांकही नोंदले. गंजलेल्या मशीनगनवरचा क्रमांक वाचता आला की कागदावरची दहा नावे समोर येतात. मात्र इंजिने एका विमानातून काढून दुसऱ्यात बसवली जात, म्हणून क्रमांकाच्या एकाच पट्टीवर विसंबू नये. आता त्या दहांपैकी नऊ जणांच्या आईकडच्या नातेवाइकांशी हाडाचा क्रम जुळला नाही आणि एकाशी जुळला, तर तोच ७ टक्क्यांतला सामान्य क्रमही पुरेसा ठरतो. दोघांशी जुळला, तर डीएनए तिथेच थांबतो आणि दात, वय, उंची यांच्याकडे जावे लागते. युद्धानंतर ‘अज्ञात’ म्हणून पुरलेल्या देहामागे अशी यादी नसेल, तर त्याच जुळणीचे वजन फारच कमी होते.

अमेरिकेत हे काम डीपीएए या, युद्धात बेपत्ता झालेल्यांचा शोध घेणाऱ्या सरकारी संस्थेकडे आहे. आधीच्या वेगवेगळ्या यंत्रणा एकत्र करून ती २०१५ मध्ये उभी राहिली. डीएनएची तपासणी डेलावेअर राज्यातील डोव्हर येथे होते, पण डोव्हरची प्रयोगशाळा कोणाची ओळख जाहीर करत नाही. ती फक्त अहवाल देते. डीपीएएच्या हवाई बेटांवरील प्रयोगशाळेत हाडे मांडून बसणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञाला हा देह कोणाचा असावा याचा अंदाज मुद्दाम सांगितलेला नसतो, म्हणजे अपेक्षित उत्तराकडे त्याची नजर झुकत नाही. ओळख ठरते ती हे सर्व पुरावे एकमेकांशी ताडून पाहिल्यावरच. मला स्वतःला त्यांत सर्वाधिक भरवसा दातांचा वाटतो: भरतीच्या वेळच्या तक्त्यात नोंदलेले भरलेले दात आणि हातातल्या जबड्यातले भरलेले दात जागच्या जागी जुळले, तर तो पुरावा त्या एका माणसाचा असतो, गोताचा नसतो.

डीएनएला सोबतीच्या पुराव्याची किती गरज असते, हे अमेरिकी वैमानिक मायकेल ब्लासी यांच्या प्रकरणात दिसते. त्यांचे ए-३७ विमान मे १९७२ मध्ये दक्षिण व्हिएतनाममधील आन लॉकजवळ पडले. काही महिन्यांनी सहा हाडे मिळाली, आणि त्यांच्यासोबत त्या विमानाशी जुळणारी एका माणसाची तराफा-होडी होती. आधी हे अवशेष ब्लासींचेच असावेत असे मानले गेले. पुढे हाडांवरून काढलेले वय आणि उंची जुळेना म्हणून नाव काढले गेले, आणि १९८४ मध्ये अमेरिकेतील आर्लिंग्टनच्या अज्ञात सैनिकाच्या समाधीत त्या अवशेषांचे दफन झाले. १९९८ मध्ये समाधी उघडून केलेल्या चाचणीत मायटोकॉन्ड्रियल डीएनए ब्लासींच्या आईशी जुळला. त्या जुळणीला वजन आले, कारण विमान, ठिकाण आणि ती होडी यांनी उमेदवार आधीच मोजके करून ठेवले होते.

अवशेष घरी आणण्याबाबतचा गोंधळ त्यामानाने साधा आहे. अमेरिका ओळख पटलेला देह कुटुंबाकडे सोपवते आणि दफन कुठे करायचे ते कुटुंब ठरवते. ब्रिटिश परंपरेत सापडलेल्या वैमानिकाचे दफन सहसा जवळच्या राष्ट्रकुल युद्ध दफनभूमीत होते. जे अवशेष वेगवेगळे करताच येत नाहीत, ते अमेरिकेत सर्वांची नावे कोरून एकत्र पुरले जातात. अशा वेळी ‘सर्वांची ओळख पटली’ असे लिहू नये.

विमान आधी ओळखले जाते आणि माणूस नंतर, हे भारतातील एका प्रकरणातही दिसते. २५ जानेवारी १९४४ रोजी चीनमधील कुनमिंगहून आसाममधील चबुआकडे निघालेले ‘हॉट ॲज हेल’ हे बी-२४ विमान आठ जणांसह आजच्या अरुणाचल प्रदेशातील डोंगरांत कोसळले. २००६ मध्ये एका खासगी शोधकाला ते सापडले. त्या दिवसापासून विमान ओळखीचे होते. आठ नावे तर १९४४ पासूनच कागदावर होती. डीपीएएच्या पथकाने २०१५ मध्ये तिथे उत्खनन केले, एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीत अवशेष अमेरिकेच्या स्वाधीन झाले, आणि २०१७ मध्ये त्या आठांपैकी एका लेफ्टनंटची ओळख जाहीर होऊन जॉर्जिया राज्यातील त्यांच्या गावी दफन झाले.