दाबलेली पानं: पोकरमधल्या स्लो-प्लेची पार्श्वभूमी

बदामसातमध्ये दुसरं पान लावता येतंय तोवर जो हातातली अठ्ठी सोडत नाही आणि शेजारच्याला नव्वी घेऊन ताटकळत ठेवतो, त्याला पोरं 'दाबून बसलाय' म्हणतात. पोकरमध्ये असं दाबून बसण्याला स्लो-प्ले म्हणतात. पानं जबरदस्त आली असली तरी रेझ, म्हणजे लावलेली रक्कम वाढवणं, करायचं नाही. चेक करायचं (पैसे न लावता पाळी पुढे द्यायची), फार तर कॉल करायचा (समोरच्याने लावले तेवढेच भरायचे) आणि समोरच्याचा समज होऊ द्यायचा की इथे काही दम नाही. मग तो स्वतःच पैसे ओतू लागतो. निदान बेत तरी तसा असतो.

दाबायचं की वाढवायचं, हा पेच पोकरइतकाच जुना आहे. त्याचं उत्तर मात्र खेळ बदलला तसं बदलत गेलं.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पोकर म्हणजे मुख्यतः पाच पानी ड्रॉ. पाचही पानं झाकलेली, नको ती बदलून घ्यायची, आधी एकदा आणि नंतर एकदा पैसे लावायचे. पानं बदलून झाली की नवीन काही येत नाही. तुम्ही पुढे असाल तर पुढेच राहणार. अशा खेळात शेवटच्या फेरीत गप्प राहण्याचा धोका एवढाच, की समोरचाही गप्प राहील आणि चार पैसे कमी मिळतील. म्हणून तेव्हाच्या मुरलेल्या खेळाडूंना चेक करून मग वाढवण्याची चटक लागली होती. या प्रकाराला तिथे सँडबॅगिंग म्हणतात. सँडबॅग म्हणजे वाळू भरलेली पिशवी, एके काळचं रस्त्यावरच्या लुटारूंचं हत्यार. दिसायला निरुपद्रवी, पण मागून डोक्यात बसली की माणूस आडवा. शब्द कौतुकाचा नव्हे, हे उघड आहे. कित्येक घरगुती बैठकांमध्ये आधी चेक करून नंतर रेझ करायला चक्क मनाई असायची, आजही काही ठिकाणी असते.

कॅलिफोर्नियातल्या लोबॉलवाल्यांनी तर याचा कायमचा बंदोबस्त केला. लोबॉलमध्ये सगळ्यात हलकी पानं जिंकतात. तिथे नियम असा, की पानं बदलून झाल्यावर तुमच्याकडे सत्तीचा लो (जोडी नसलेली पाच पानं, त्यांत सगळ्यात मोठं सत्ती) किंवा त्याहून चांगलं असेल, तर पैसे लावलेच पाहिजेत. चेक करून बसलात आणि डाव जिंकलात, तरी त्या फेरीत पुढे लागलेले पैसे तुम्हाला नाहीत. दाबून बसणं हा गुन्हा ठरवून त्याला दंड लावणारा दुसरा पत्त्यांचा नियम मला तरी माहीत नाही. (आपल्या तीन पत्तीत हा पेच वेगळाच दिसतो. तिथे चेक हा प्रकारच नाही, चाल द्या नाहीतर पॅक करा. दाबायचंच असेल तर ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, हातात घेऊन चेहरा पाडून कमीत कमी चाल देत राहायचं.)

मग टेक्सास होल्डेम आलं. टेक्सासमधून 1960 च्या दशकात ते लास वेगासला पोचलं आणि 1970 पासून बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर ही स्पर्धा भरू लागली. होल्डेममध्ये हातात दोनच पानं. टेबलावर सगळ्यांची मिळून पाच येतात, आधी तीन, मग एक, मग आणखी एक. म्हणजे गप्प बसलात तर समोरच्याला पुढचं पान फुकटात पाहायला मिळतं.

समजा तुमच्या हातात इस्पिक आणि चौकट अठ्ठी आहे. टेबलावर बदाम अठ्ठी, बदाम राजा आणि चौकट दुर्री पडली. तीन अठ्ठ्या झाल्या, दुकान जोरात आहे. समोरच्याकडे बदामाची दोन पानं आहेत, दुर्री नव्हे. आणखी एक बदाम आलं की त्याची पाचही पानं बदामाची होतात, आणि ती तीन अठ्ठ्यांना हरवतात. दोघांची पानं आणि टेबलावरची तीन सोडली तर 45 उरतात, त्यांत बदाम 9. बदाम दुर्री आली तर उलट तुमचंच फुल हाऊस (तीन अठ्ठ्या, दोन दुर्र्या) होतं आणि ते त्याहून वरचढ, तेव्हा त्याच्या कामाची पानं 8. म्हणजे जवळपास 18 टक्के वेळा पुढच्याच पानाला तो तुमच्यापुढे जातो. तुम्ही रेझ केला असतात तर त्या पानासाठी त्याला पैसे मोजावे लागले असते. ड्रॉ पोकरमधली धूर्तता इथे दानधर्म ठरते.

म्हणूनच होल्डेमच्या पहिल्या मोठ्या गुरूंचा कल वाढवण्याकडे होता. 1976 आणि 1977 असा लागोपाठ वर्ल्ड सिरीजचा विजेता ठरलेला डॉइल ब्रन्सन थापेवरही दणकून पैसे लावायचा आणि भारी पानांवरही, म्हणून समोरच्याला फरक कळायचा नाही. 1980 च्या दशकात पोकरवर पुस्तकं लिहिणाऱ्या डेव्हिड स्क्लान्स्कीने दाबण्याच्या अटी नीट मांडल्या. पानं खरोखर भारी हवीत, पॉट, म्हणजे टेबलावर जमलेली रक्कम, अजून लहान हवा, आणि फुकटच्या पानाने समोरच्याचं थोडं भलं व्हावं पण तुमच्यापुढे जाण्याइतकं नाही. या सगळ्या अटी एकदम जुळण्याचे प्रसंग मोजकेच.

असाच एक प्रसंग 1988 च्या वर्ल्ड सिरीजच्या अंतिम डावात आला. 167 खेळाडूंतून जॉनी चॅन आणि एरिक सायडल उरले होते. चॅनकडे किलवर गुलाम आणि किलवर नव्वी, सायडलकडे राणी आणि सत्ती. टेबलावर राणी, दश्शी, अठ्ठी. चॅनची सरळ सीक्वेन्स लागली, त्या क्षणी त्याहून वरचढ काही शक्यच नव्हतं. सायडलला राणीची जोडी मिळाली, आणि समोर एकच माणूस असताना ती कुणालाही भारीच वाटते. चॅनने थोडे पैसे लावले, सायडलने वाढवले, चॅनने नुसता कॉल केला. चौथ्या पानावर दोघंही गप्प. पाचव्यावर सायडलने सगळी चिप्स पुढे ढकलली. चॅनला 7 लाख डॉलर आणि सलग दुसरं विजेतेपद.

पुढे 1998 च्या 'राउंडर्स' या चित्रपटात या डावाची क्लिप आली आणि स्लो-प्लेला वलय चढलं. माझ्या मते या डावाने जितकी माणसं बिघडवली तितकी कुठल्याच डावाने नाहीत. चॅनचा संयम सगळ्यांनी पाहिला. सायडलला वाचायला शेवटची दोन्ही पानं नेमकी यावी लागली असती आणि टेबलावर तिसरा कुणी नव्हता, हे फारसं कुणी पाहिलं नाही. सहा जणांच्या टेबलावर एक्क्यांची जोडी दाबून बसणारे नवखे आणि मग कुणाच्या तरी दोन जोड्यांनी कापले जाणारे, ही त्याच क्लिपची प्रजा.

गणिताने मात्र दाबणाऱ्यांची बाजू आधीच घेऊन ठेवली होती. 1950 मध्ये हॅरोल्ड कून या गणितज्ञाने तीनच पानांचं पोकर मांडलं: राजा, राणी, गुलाम. दोन खेळाडू, प्रत्येकी एक पान, एकदाच पैसे लावायचे. पहिल्या खेळाडूने कसं खेळावं? गुलामावर जितक्या प्रमाणात थापा मारेल, त्याच्या बरोबर तिप्पट प्रमाणात राजावर पैसे लावावेत. थापेचं प्रमाण शून्यापासून एक तृतीयांशापर्यंत काहीही चालतं. म्हणजे एका टोकाला राजा आला की दर वेळी पैसे लावायचे, दुसऱ्या टोकाला गुलामावर कधीच थाप मारायची नाही आणि राजाही कायम दाबून चेक करायचा. दोन्हींचा हिशोब शेवटी सारखाच. राजा दाबायचा की नाही हे राजावर ठरतच नाही, गुलामाचं तुम्ही काय करता त्यावर ठरतं.

याची मोठी आवृत्ती 2015 च्या जानेवारीत आली. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या सेफियस या प्रोग्रॅमने दोघांचं, ठरावीक रकमेचं होल्डेम जवळजवळ पूर्ण सोडवलं. त्यात पहिल्या फेरीत किती वेळा वाढवायचं याला मर्यादा असते आणि शेवटची वाढ डीलरच्या हातात येते. तिथे एक्क्यांची जोडी असली की मुरलेले खेळाडू सर्रास वाढवायचे. सेफियस नुसता कॉल करतो. एक्क्यांवर शेवटची वाढ तो 0.01 टक्क्यापेक्षाही कमी वेळा करतो. पुढच्या फेऱ्यांत डीलरची पाळी नंतर येते, समोरच्याने काय केलं ते पाहून त्याला पैसे लावता येतात. शिवाय एक्क्यांवर तो कायम वाढवत राहिला, तर नुसता कॉल केला की याच्याकडे एक्के नाहीत, हे समोरच्याला आयतं कळेल.

त्या जागी सेफियस सगळ्यात जास्त वाढवतो तो दुर्रीच्या जोडीवर. तेही फक्त 0.06 टक्के वेळा.