वजन उतरवायचंय, बॉडी बनवायची नाही: नव्या सभासदांसाठी माहिती

नाव नोंदवायला येणारे बरेच जण, त्यातही महिला, पहिल्याच दिवशी बजावतात, "वजन कमी करायचंय, पण दंड फुगायला नकोत." ही अपेक्षा अगदी रास्त आहे आणि ती पूर्ण होते. मात्र या धास्तीपायी डंबेल्सना हातच लावायचा नाही, नुसतं चालायचं आणि अर्धपोटी राहायचं, हा मार्ग आम्ही कुणालाच सुचवत नाही. का, ते फी भरण्याआधी वाचा.

दंड असे सहजासहजी फुगत नाहीत

पिळदार शरीर कमवायला वर्षं जातात. उचलायचं वजन सतत वाढवत न्यावं लागतं, गरजेपेक्षा जास्त खावं लागतं आणि टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक भरपूर असावं लागतं. महिलांच्या शरीरात ते पुरुषांच्या तुलनेत फारच कमी असतं. शिवाय तुम्ही इथे बारीक व्हायला येता, म्हणजे रोजच्या गरजेपेक्षा थोडं कमीच खाणार. अशा वेळी नवे स्नायू फारसे तयार होत नाहीत. आहेत ते टिकले तरी पुष्कळ.

ते टिकवण्यासाठीच हलक्या वजनांचे व्यायाम आहेत. उपासमार करून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही झडतात. काटा खाली येतो, पण चेहरा ओढल्यासारखा दिसतो, बाजाराच्या पिशव्या जड वाटू लागतात. पूर्वीसारखं जेवण सुरू झालं की वजन परत येतं, तेही बहुतेक चरबीच्या रूपात. तिशीनंतर स्नायू तसेही हळूहळू घटतात. त्यात आपण भर घालू नये.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत घाबरू नका

सर्वांत जास्त लोक इथेच व्यायाम सोडतात. सवय नसलेल्या स्नायूंना ताण पडला की त्यांत पाणी धरतं. मांड्या घट्ट लागतात, चुडीदार पोटरीला आवळल्यासारखा वाटतो, काट्यावर अर्धा-एक किलो वाढलेलाही दिसतो. "बघा, मी म्हटलं नव्हतं?" असं वाटणं साहजिक आहे. पण ते पाणी असतं आणि काही आठवड्यांत उतरतं. महिलांमध्ये पाळीच्या आधीही असंच होतं. म्हणून आमच्याकडे काट्याइतकंच महत्त्व टेपला आहे.

माप घरीही घेता येईल. सकाळी काही खाण्याआधी सरळ उभं राहा, पोट आत न ओढता नेहमीसारखा श्वास सोडा आणि बेंबीच्या रेषेत टेप आडवी धरा. ती त्वचेला टेकावी, रुतू नये. भारतीय महिलांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही कमरेच्या घेराची मर्यादा मानतात. वजन अडलेलं असताना घेर कमी होत असेल, तर काम बरोबर चाललं आहे.

व्यायाम काय असेल

आठवड्यातून पाच दिवस अर्धा ते पाऊण तास भरभर चालणं, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका वेग. दोन दिवस बैठका, भिंतीला टेकून जोर, रबरी पट्ट्या आणि हलके डंबेल्स. सूर्यनमस्कार येत असतील तर उत्तमच. नुसत्या पोटाच्या व्यायामाने पोटच तेवढं कमी होत नाही. चरबी कुठून आधी उतरणार हे शरीर ठरवतं.

खरा फरक स्वयंपाकघरात पडतो

एक वडापाव साधारण ३०० कॅलरीचा, आणि तेवढ्या खर्चायला तासाहून अधिक चालावं लागतं. त्यामुळे व्यायामावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. सुरुवात तेलापासून करा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर एकेकाच्या वाट्याला रोज ४० मिलिलिटरच्या वर तेल येतं, म्हणजे सुमारे ३४० कॅलरी. तोच डबा तीन लिटरवर आणला की भाकरी किंवा भात न तोडता माणशी रोज सव्वाशेहून अधिक कॅलरी वाचतात. फोडणीला बरणीतून धार न सोडता चमच्याने मोजून तेल घाला, एवढंच.

दुसरी गोष्ट प्रथिनांची. वजन उतरवताना दर किलो वजनामागे साधारण एक ग्रॅम प्रथिनं धरा. मोड आलेली मटकी, घट्ट वरण, दही, पनीर, सोयाबीन वडी, अंडी, मासे, यांपैकी काहीतरी दोन्ही जेवणांत हवंच. डाळ-अंडी खाऊन दंड फुगत नाहीत. त्याने भूक भागते आणि स्नायू टिकतात. साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाणा जवळजवळ नुसता स्टार्च आणि वर दाण्याचं कूट, तूप. उपास असेल तर एक वाटी खिचडी आणि एक वाटी दही पुरे.

किती उतरेल?

एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. रोज ५०० ची तूट साधली, तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास. महिन्यात दहा किलोची हमी आम्ही देत नाही आणि पावडरी विकत नाही. फार झपाट्याने वजन उतरवण्यात पित्ताशयात खडे होण्याचाही धोका असतो.

मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन, रक्तदाब, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, गरोदरपण, यांपैकी काही असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि आम्हालाही सांगा. कमी खाताना साखरेच्या गोळ्यांचा डोस बदलावा लागू शकतो. तो डॉक्टरांनीच बदलायचा.

पहिल्या भेटीला येताना मागच्या तीन दिवसांत काय-काय खाल्लं ते लिहून आणा, त्यातला एक दिवस रविवार असू द्या. चहा किती कप आणि त्यात साखर किती, हेही लिहा. घरात महिन्याला तेल किती लागतं, तेही विचारून या.