टीव्हीवरचा इशारा आणि फोनवरचा इशारा: आवाज तोच, वाट वेगळी

८५३ आणि ९६० हर्ट्झ हे दोन सूर एकदम वाजवले की कानात घुसणारा जो कर्कश आवाज होतो, तोच अमेरिकेत आणीबाणीच्या इशाऱ्यासाठी टीव्ही-रेडिओवर वाजतो आणि तोच फोनवरही. त्यामुळे लेकीकडे राहायला गेलेल्या आई-बाबांनाच काय, तिथे वीस वर्षं काढलेल्यांनाही वाटतं की यंत्रणा एकच आहे, आणि फोन गप्प म्हणजे धोका नाही. ही समजूत जिवावर बेतू शकते.

नीट ऐकलं तर कानालाच फरक कळतो. टीव्हीवर सूर सलग वाजतो, किमान ८ आणि जास्तीत जास्त २५ सेकंद. फोनवर तो तुटक असतो: २ सेकंदांचा एक लांब, मग एकेक सेकंदाचे दोन, मध्ये अर्ध्या सेकंदाची उसंत, आणि पुन्हा तोच क्रम.

टीव्ही-रेडिओची यंत्रणा म्हणजे इमर्जन्सी अलर्ट सिस्टीम, ईएएस. ती १९९७ पासून आहे. फोनची ती वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स, डब्ल्यूईए. ती २०१२ मध्ये आली.

ईएएसमध्ये प्रत्येक स्टेशनवर आणि केबल कंपनीच्या हेडएंडवर, म्हणजे जिथून सगळे चॅनल घरोघरी सोडले जातात त्या केंद्रावर, एक यंत्र बसवलेलं असतं. ते किमान दोन ठरलेल्या स्रोतांचं प्रसारण सतत ऐकत राहतं आणि इंटरनेटवरून फेमाचा, म्हणजे अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचा, सर्व्हरही तपासतं. हवामानाचे इशारे मात्र मुख्यतः १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या नोआच्या (हवामान खातं जिच्याखाली येतं त्या सरकारी संस्थेच्या) वेदर रेडिओवरून उचलले जातात. सुरांच्या आधी जी खरखर ऐकू येते, तिला लोक बिघाड समजतात. खरं तर तो संदेशावरचा पत्ता असतो. समजा त्यात ‘टीओआर’, ‘०३४०२३’ आणि ‘००४५’ आलं. टीओआर म्हणजे टोर्नेडो वॉर्निंग, चक्रीवाताचा इशारा. पुढच्या आकड्यातला पहिला ० म्हणजे संपूर्ण काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग), ३४ म्हणजे न्यू जर्सी, ०२३ म्हणजे मिडलसेक्स काउंटी, ज्यात आपल्या माणसांनी गजबजलेलं एडिसन येतं. ००४५ म्हणजे इशारा ४५ मिनिटं लागू. हा पत्ता तीनदा पाठवतात. तीनपैकी दोन जुळले तरच यंत्र तो खरा मानतं. मग सूर, मग जास्तीत जास्त २ मिनिटांचा मजकूर, आणि शेवटी समाप्तीची खूण, तीही तीनदा. ती खूण हुकली तर साधा इशारा २ मिनिटांनी आपोआप संपतो. राष्ट्रीय आणीबाणीच्या संदेशाला मात्र ही मर्यादाच नाही. तिथे खूण हुकली की प्रक्षेपण अडकून बसतं.

त्या पत्त्यात दिवस आणि वेळ असते, वर्ष नसतं. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये नॅशव्हिलच्या एका रेडिओ कार्यक्रमात २०११ च्या राष्ट्रीय चाचणीचं ध्वनिमुद्रण वाजवलं गेलं आणि इतरांच्या यंत्रांनी ते खरं समजून अनेक राज्यांत पुढे पाठवलं. ९ नोव्हेंबर २०११ आणि ९ नोव्हेंबर २०१४, पत्त्यात दोन्ही सारखेच. त्या प्रकरणी एफसीसीने, म्हणजे प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकी आयोगाने, १० लाख डॉलरचा दंड लावला.

केबलवर आणखी एक भानगड होते. बऱ्याच कंपन्या इशाऱ्याच्या वेळी प्रत्येक सेट-टॉप बॉक्स सक्तीने एकाच चॅनलवर नेतात. नेमकं त्याच क्षणी स्थानिक चॅनलवर हवामानतज्ज्ञ नकाशा दाखवून वादळ कोणत्या रस्त्यापर्यंत आलंय ते सांगत असेल, तर तेच दिसेनासं होतं. स्थानिक चॅनल केबल कंपनीशी लेखी करार करून यातून सूट मिळवू शकतं, आणि ती मिळवावीच. शिवाय नेटफ्लिक्स किंवा यूट्यूब लावून बसलात तर ईएएस तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही.

फोनचा मामला सुटसुटीत आहे. फेमाकडून संदेश मोबाइल कंपनीकडे जातो आणि टॉवर तो टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम ऐकवतो. हा एसएमएस नव्हे. नंबर लागत नाही, नेटवर्कवर कितीही गर्दी असली तरी रांगेत थांबावं लागत नाही. २०२३ मध्ये भारतात दूरसंचार विभागाने पाठवलेले चाचणी संदेश याच सेल ब्रॉडकास्ट तंत्राचे होते. मजकूर ३६० अक्षरांत बसवावा लागतो, जुन्या फोनवर ९०. फोन एअरप्लेन मोडवर असेल तर काहीच येत नाही.

खरा फरक आहे तो नेमकेपणाचा. हवामान खातं नकाशावर धोक्याचा तुकडा आखतं. टीव्हीवर त्या तुकड्यासाठी अख्ख्या काउंटीला इशारा जातो. नवा फोन स्वतःची जागा तपासून तुकड्याबाहेर असेल तर गप्प राहतो. म्हणून टीव्ही ओरडतोय आणि फोन शांत आहे, असं दिसलं तर फोन बिघडलाय असं समजू नका. शिवाय फोनवर निवडकच इशारे येतात. वादळी पावसाचा इशारा ताशी ८० मैल वारा किंवा बेसबॉलएवढ्या गारा असतील तरच येतो, अचानक पुराचाही गंभीर असेल तरच. उलट टीव्ही किंवा रेडिओ स्टेशनवर राज्य आणि स्थानिक पातळीवरचे इशारे दाखवण्याची सक्ती नाही. सक्ती आहे ती राष्ट्रीय संदेशाची आणि ठरलेल्या चाचण्यांची.

फोनच्या सेटिंगमध्ये राष्ट्रीय इशारा सोडून बाकी सगळे बंद करता येतात. रात्री दचकून उठायला होतं म्हणून अनेक जण ते बंद करतात. टोर्नेडोच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी तरी तसं करू नये. झोपायच्या खोलीत बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ ठेवा आणि त्यात आपल्या काउंटीचा सहा आकडी कोड भरा. एडिसनमध्ये असाल तर ०३४०२३.