प्रोग्रॅमेबल इलेक्ट्रॉनिक लोड

प्रोग्रॅमेबल इलेक्ट्रॉनिक लोड : पॉवर सप्लाय, बॅटरी, चार्जर, सौर पॅनेल, इन्व्हर्टर, यूपीएस यांसारख्या विद्युत् उद्गमांची चाचणी घेताना त्यांच्याकडून ठरवून दिलेल्या प्रमाणात प्रवाह ओढून घेणारे उपकरण. उद्गमाने दिलेली ऊर्जा ते कोणत्याही कामाला लावत नाही. बहुधा उष्णतेच्या रूपाने घालवून टाकते. मात्र प्रवाह किती घ्यायचा, केव्हा घ्यायचा आणि किती वेगाने वाढवायचा हे आधी ठरवून देता येते, यातच त्याची उपयुक्तता आहे.

संज्ञा : ‘लोड’साठी मराठीत ‘भार’ हा प्रतिशब्द आहे आणि ‘भारनियमन’ या शब्दामुळे तो घरोघरी पोचलेलाही आहे. परंतु जुन्या विज्ञानलेखनात ‘विद्युत् भार’ ही संज्ञा इलेक्ट्रॉन-प्रोटॉनांच्या गुणधर्मासाठी, म्हणजे ज्याला आता ‘प्रभार’ म्हणतात त्यासाठी वापरलेली आढळते, त्यामुळे ‘इलेक्ट्रॉनीय भार’ असे म्हटल्यास घोटाळा होण्याचा संभव आहे. कारखान्यात व प्रयोगशाळेत ‘लोड लावणे’, ‘लोडवर चालवून पाहणे’ असेच बोलले जाते. या नोंदीतही तोच शब्द ठेवला आहे. लघु जलविद्युत् केंद्रातील ‘इलेक्ट्रॉनिक लोड कंट्रोलर’ हे उपकरण नावाने जवळचे असले तरी वेगळे आहे. गिऱ्हाइकांची मागणी घटली की उरलेली शक्ती तापकांकडे वळवून जनित्राचा वेग स्थिर ठेवणे हे त्याचे काम. चाचणीशी त्याचा संबंध नाही.

पूर्वपद्धती व उगम : इलेक्ट्रॉनिक लोडच्या आधी सरकता ऱ्हिओस्टॅट (रोध कमीअधिक करता येणारे साधन), दिव्यांची फळी आणि मोठ्या जनित्रांसाठी मीठ किंवा सोडा घातलेल्या पाण्यात लोखंडी पत्रे कमीअधिक बुडवून केलेला पाण्याचा रोधक, ही साधने वापरीत. दिव्यांची फळी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत अजूनही दिसते. या साधनांची अडचण अशी की, तापमानाबरोबर त्यांचा रोध बदलतो. २३० व्होल्ट, १०० वॅटच्या तंतुदिव्याचा रोध तो पूर्ण पेटलेला असताना सुमारे ५२९ ओहम असतो, तर थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरतो. त्यामुळे कळ दाबताच पहिल्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट प्रवाह वाहतो. अशा फळीवर घेतलेली चाचणी हुबेहूब पुन्हा घेता येत नाही.

पहिला इलेक्ट्रॉनिक लोड कोणता म्हणावा, हे व्याख्येवर अवलंबून आहे. प्रवाहावर नियंत्रण ठेवणारी कोणतीही इलेक्ट्रॉनिक प्रयुक्ती उद्गमाला जोडली की तो इलेक्ट्रॉनिक लोड, असे मानल्यास त्याचा आरंभ निर्वात नलिकांच्या काळापर्यंत मागे नेता येतो. दुसऱ्या मतानुसार संगणकाच्या आज्ञेने चालणे हे या उपकरणाचे अंगभूत लक्षण आहे. ते मान्य केल्यास मापनोपकरणे संगणकाला जोडणारे आयईईई-४८८ हे मानक (१९७५) आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आलेले शक्तिशाली मॉस्फेट (गेट या अग्रावरील दाबाने प्रवाह कमीअधिक करणारा ट्रान्झिस्टरचा प्रकार) यांच्यानंतरचाच काळ विचारात घ्यावा लागतो. ‘प्रोग्रॅमेबल’ या विशेषणाला काही अर्थ राहायचा असेल तर हे दुसरे मत अधिक सयुक्तिक दिसते. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीची ६०६० मालिका साधारणपणे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातील आहे. तिच्यातील ६० व्होल्ट, ६० अँपिअर, ३०० वॅट या मर्यादांचा लोड पुढे बराच काळ प्रचारात राहिला. उपकरणांना द्यावयाच्या आज्ञांची ‘स्कपी’ ही सामाईक भाषा १९९० मध्ये ठरली, तेव्हापासून निरनिराळ्या उत्पादकांचे लोड जवळजवळ सारख्याच आज्ञांनी चालवता येऊ लागले.

रचना व कार्य : डीसी लोडचा गाभा साधा आहे. उद्गमाच्या दोन अग्रांमध्ये मॉस्फेट व एक लहान, अचूक रोधक (शंट) एकसरीत जोडतात. शंटवरचा दाब (व्होल्टेज) प्रवाहाच्या प्रमाणात असतो. ऑप-अँप (दोन दाबांतील फरक वाढवून दाखवणारे विवर्धक मंडल) त्या दाबाची ठरवून दिलेल्या संदर्भ दाबाशी तुलना करतो आणि मॉस्फेटचे गेट कमीअधिक उघडून दोन्ही दाब जुळवत राहतो. शंट १० मिलिओहमचा असेल आणि २० अँपिअर हवे असतील, तर संदर्भ दाब ०.२ व्होल्ट ठेवावा लागतो. उद्गम १२ व्होल्टचा असल्यास या वेळी एकूण २४० वॅट उष्णता निर्माण होते. शंटच्या वाट्याला त्यातील ४ वॅट येतात, बाकी बहुतेक सारी मॉस्फेटमधून हीट सिंकमार्फत (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पंखदार ठोकळ्यामार्फत) पंख्याच्या वाऱ्यावर जाते. लोडचे पुष्कळसे आकारमान व वजन या हीट सिंकचेच असते.

येथेच एक तांत्रिक वाद आहे. मॉस्फेट तापला की पूर्ण चालू अवस्थेतील त्याचा रोध वाढतो, त्यामुळे जास्त तापलेला भाग आपोआप कमी प्रवाह घेतो आणि जुन्या ट्रान्झिस्टरांप्रमाणे एका जागी जळून जाण्याची भीती त्याला नाही, असे पूर्वी सर्रास सांगितले जाई. पूर्ण उघडझाप करणाऱ्या मंडलात हे खरे आहे. लोडमध्ये मात्र मॉस्फेट अर्धवट उघडा असतो. या अवस्थेत, विशेषतः दाब जास्त व प्रवाह कमी असताना, दुसराच परिणाम वरचढ ठरतो : तापमान वाढले की मॉस्फेट चालू होण्यास लागणारा गेटदाब उतरतो, म्हणून चिपवरील हजारो सूक्ष्म कोशांपैकी जो जरा अधिक तापला तोच अधिक प्रवाह ओढतो, आणखी तापतो व अखेर वितळतो. इटलीतील पाओलो स्पिरीटो यांच्या नावावरून याला ‘स्पिरीटो परिणाम’ म्हणतात. उघडझापीसाठी सुधारलेले नवे मॉस्फेट या बाबतीत जुन्यांपेक्षा नाजूक ठरतात. त्यांच्या माहितीपत्रकातील मोठा वॅट-आकडा पाहून लोड बांधणाऱ्यांची फसगत होते ती यामुळेच. त्यामुळे जाणकार उत्पादक रेषीय, म्हणजे अर्धवट उघड्या अवस्थेतील, वापरासाठीच बनवलेले मॉस्फेट निवडतात, ते अनेक संख्येने समांतर जोडतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र शंट व स्वतंत्र ऑप-अँप देतात.

चालनपद्धती : स्थिर प्रवाह, स्थिर दाब, स्थिर रोध व स्थिर शक्ती अशा चार पद्धती बहुतेक लोडमध्ये असतात. उद्गम स्वतःच प्रवाह स्थिर ठेवणारा असेल, उदा., एलईडी दिव्यांचा ड्रायव्हर, तर लोडही स्थिर प्रवाहावर ठेवून चालत नाही. दोघांचे आकडे तंतोतंत जुळणे अशक्य असल्याने दाब एका टोकाला जाऊन अडकतो. तेथे स्थिर दाबाची पद्धती वापरावी लागते. स्थिर शक्तीची पद्धती सर्वांत अवघड होय. तीत दाब कमी झाला की प्रवाह वाढतो, म्हणजे लहान बदलांपुरता लोडचा रोध ऋण असल्यासारखा वागतो. ४८ व्होल्टवर ४८० वॅट घेणाऱ्या लोडचा हा रोध उणे ४.८ ओहम येतो. उद्गमाचे अवमंदन (हेलकावे शमवण्याची क्षमता) अपुरे असेल तर अशा लोडवर दाब हेलकावे खाऊ लागतो. संगणकातील व दूरसंचार यंत्रणांतील परिवर्तक (एका दाबाची वीज दुसऱ्या दाबाची करणारी मंडले) प्रत्यक्षात असेच वागत असल्याने ही चाचणी टाळता येत नाही.

जोडणी : २० अँपिअरला तारांचा रोध केवळ १० मिलिओहम असला तरी ०.२ व्होल्ट तारांतच पडतो, आणि हा दोष उद्गमाच्या माथी बसतो. यासाठी दाब मोजणाऱ्या दोन वेगळ्या बारीक तारा थेट उद्गमाच्या अग्रांवर नेतात. प्रवाह झटक्याने बदलून उद्गमाचा प्रतिसाद पाहायचा असल्यास तारांचे प्रवर्तकत्वही (प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुणधर्म) आड येते. सुट्या तारेचे प्रवर्तकत्व दर मीटरला ढोबळमानाने १ मायक्रोहेन्री असते. मीटरभर लांबीच्या दोन तारा दूर दूर पसरलेल्या असल्या आणि प्रवाह दर मायक्रोसेकंदाला १ अँपिअरने वाढवला, तर सुमारे २ व्होल्ट तारांवरच पडतात. ५ व्होल्टच्या सप्लायची अशी चाचणी म्हणजे तारांचीच चाचणी ठरते. तारा आखूड ठेवून एकमेकींभोवती पिळल्या की दोष पुष्कळ कमी होतो.

उपयोग : घरगुती इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तास बॅटरी वीस तासांच्या दराने तपासायची झाल्यास लोड ७.५ अँपिअरवर ठेवून दाब १०.५ व्होल्टपर्यंत उतरायला किती तास लागतात ते मोजतात. दाब तेथे पोचताच लोड स्वतःहून बंद होतो, त्यामुळे रात्रभर पहारा करावा लागत नाही. पॉवर बँकेवरील १०,००० मिलिअँपिअर-तास हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा, म्हणजे ३७ वॅट-तासांचा असतो. बाहेरच्या ५ व्होल्टवर रूपांतरणातील घट धरता लोडवर साधारण ६,५०० च्या आसपास भरले तरी तो माल खोटा ठरत नाही.

एसी लोड : यात प्रवाहाबरोबर शक्तिगुणक (प्रत्यक्ष शक्तीचे दाब व प्रवाह यांच्या गुणाकाराशी गुणोत्तर) आणि शिखरगुणकही (प्रवाहाच्या शिखरमूल्याचे त्याच्या प्रभावी मूल्याशी गुणोत्तर) ठरवून देता येतात. शुद्ध ज्यावक्राचा शिखरगुणक १.४१४ असतो, संगणकासारखी उपकरणे लाटेच्या शिखराजवळच प्रवाह ओढत असल्याने त्यांचा ३ पर्यंत जातो. यूपीएससाठी आयईसी ६२०४०-३ या मानकात ०.७ शक्तिगुणकाचा अरेषीय संदर्भ लोड दिला आहे. मोठ्या शक्तीसाठी ऊर्जा न जाळता ती वीजजालात परत पाठवणारे पुनरुत्पादक लोड वापरतात; त्यांमुळे विजेचे बिल व वातानुकूलनाचा खर्च दोन्ही घटतात. पुरवठा खंडित होताच असा लोड जालापासून तत्क्षणी तुटला पाहिजे, नाहीतर बंद समजून तारेवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकते.