एमआरआयमध्ये डिमेन्शिया ‘दिसतो’ का?

“डाऊन सिंड्रोम असलेलं मोठं माणूस विसरू लागलं की मेंदूचा एमआरआय काढा, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे की नाही ते लगेच कळतं.” या समजापोटी देवगड-सावंतवाडीकडची कुटुंबं कोल्हापूर नाहीतर गोवा गाठतात. काळजी खरीच असते. पण नुसत्या स्कॅनवरून हे निदान होत नाही.

डाऊन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. अमायलॉइड, म्हणजे अल्झायमर या डिमेन्शियात मेंदूत साचणारा चिकट पदार्थ, ज्यापासून तयार होतं त्या प्रथिनाचं जनुक याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे चाळिशीपर्यंत जवळजवळ सगळ्यांच्याच मेंदूत अमायलॉइड साचतं; लक्षणं मात्र बहुधा पन्नाशीच्या आसपास दिसू लागतात. म्हणून महागड्या पेट (PET) स्कॅनमध्ये, म्हणजे मेंदूतलं अमायलॉइड दाखवू शकणाऱ्या तपासणीत, ते दिसलं, तरी डिमेन्शिया सुरू झाला असं ठरत नाही. एमआरआयमध्ये मेंदू लहान दिसला तर तो मुळातच तसा असू शकतो. पक्षाघात, गाठ, रक्तस्राव शोधायला मात्र एमआरआय उपयोगी.

निदान ठरतं बदलावरून. गेल्या गणपतीत दूर्वांच्या जुड्या बांधणारा दादा यंदा अडतोय का? पस्तिशीपासून दरवर्षी त्याच्या रोजच्या कामांचा व्हिडिओ काढून ठेवा आणि त्याची तुलना त्याच्याशीच करा. डॉक्टरांना हे फार मोलाचं असतं.

आधी थायरॉइड, बी१२, मोतीबिंदू, कान, झोपेत श्वास अडकणं, उदासी हे तपासून घ्या. विसरणं यांमुळेही असू शकतं, आणि यांवर उपचार आहेत. चाळिशीनंतर पहिल्यांदाच फिट आली, तर थांबू नका, लगेच दाखवा.